लिनोलेइक आम्ल: सगळी करामत अकराव्या कार्बनची

प्रश्न थोडक्यात असा आहे: "लिनोलेइक आम्ल शरीराला अत्यावश्यक, असं आम्ही शाळा-कॉलेजात शिकलो. आता जिकडेतिकडे ऐकायला मिळतं की बियांच्या तेलांतलं हेच आम्ल शरीरात दाह वाढवतं, लवकर खराब होतं, ते बंद करा. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा? आणि तेल निवडताना, साठवताना, तापवताना पाहायचं काय?"

माझी नोकरीची बहुतेक वर्षं तेलांचे नमुने तपासण्यात गेली. हा प्रश्न वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. विचारणारा आधीच एका बाजूचा झालेला असतो, आणि मी त्याची बाजू घेत नाही म्हणून थोडा नाराज होऊन जातो. तेव्हा आधी रेणूकडे बघू. भांडणाचं मूळ तिथेच आहे.

लिनोलेइक आम्ल म्हणजे अठरा कार्बनची एक साखळी. एका टोकाला आम्लगट. त्या टोकाकडून मोजत निघालात की नवव्या आणि दहाव्या कार्बनमध्ये एक दुहेरी बंध लागतो, बाराव्या आणि तेराव्यामध्ये दुसरा. या दोघांच्या कात्रीत अकरावा कार्बन सापडलेला आहे. त्याच्यावर दोन हायड्रोजन असतात आणि ते फार सैल बसलेले असतात. साध्या साखळीतला हायड्रोजन उपटायला मोलामागे सुमारे १०० किलोकॅलरी लागतात. एका दुहेरी बंधाच्या शेजारचा असेल तर ८८ च्या आसपास. दोन बंधांच्या मधला मात्र ७५-७६ मध्येच सुटतो. हे आकडे पाठ करू नका. अकरावा कार्बन तेवढा लक्षात ठेवा. या आम्लाचे उपकार आणि उपद्रव बहुतेक त्याच जागेतून निघतात.

नावाचा एक घोळ आत्ताच निस्तरतो. लिनोलेइक वेगळं आणि लिनोलेनिक वेगळं. पहिल्यात दोन दुहेरी बंध, दुसऱ्यात तीन. पहिलं ओमेगा-६ कुळातलं. दुसरं, म्हणजे जवसात भरपूर असणारं अल्फा-लिनोलेनिक, ओमेगा-३ कुळातलं. दोन्ही नावं जवसाच्या लॅटिन नावावरूनच आली आहेत, म्हणून इतकी सारखी. छापील लेबलांवर आणि बातम्यांत ही अदलाबदल मी इतक्यांदा पाहिली आहे की कुणी "लिनोलेनिक" म्हटलं की मी आधी विचारतो, बंध दोन की तीन?

आता अत्यावश्यक का, ते बघू. आपलं शरीर स्वतः मेदाम्लं बनवतं आणि त्यांत नवव्या जागी दुहेरी बंधही घालू शकतं. एकच दुहेरी बंध असलेलं ऑलिक आम्ल असंच तयार होतं. पण नवव्याच्या पुढे, आम्लगटापासून दूरच्या बाजूला, बंध घालणारं एन्झाइम आपल्याकडे नाही. वनस्पतींकडे आहे. बी भरत असताना त्या ऑलिकच्या बाराव्या जागी दुसरा बंध घालतात आणि लिनोलेइक होतं. म्हणजे आपल्याला ते वनस्पतींकडून किंवा वनस्पती खाल्लेल्या प्राण्यांकडून घ्यावंच लागतं.

हे कळायला १९२९ साल उजाडावं लागलं. तोवर स्निग्ध पदार्थ म्हणजे नुसतं इंधन, फार तर जीवनसत्त्वं वाहून नेणारं गाडं, असाच समज होता. मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांश जवळजवळ शून्य असलेलं अन्न दिलं. जीवनसत्त्वं वेगळी पुरवली. उंदरांची वाढ खुंटली, त्वचा खवल्यांसारखी झाली, शेपट्या सुजून झडू लागल्या, मूत्रपिंडं बिघडली. १९३० साली त्यांनी लिनोलेइक आम्लाचं नाव घेऊन सांगितलं की याचे रोज काही थेंब दिले की प्राणी सुधारतात. मला यातलं सगळ्यात बोलकं निरीक्षण वेगळंच वाटतं. हे उंदीर पाणी खूप प्यायचे, पण त्या मानाने लघवी होत नव्हती. पाणी जात होतं कुठे? कातडीतून, वाफ होऊन.

त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात पेशींच्या मधोमध मेदाचं लिंपण असतं. त्यातल्या एका खास जातीच्या सेरामाइडच्या (हाही एक मेदच) टोकाला लिनोलेइक आम्लच जोडलेलं लागतं. ते नसेल तर शरीर तिथे ऑलिक बसवून वेळ मारून नेतं, पण मग भिंत गळते. गंमत पुढे आहे. हे लिंपण पक्कं व्हायला त्वचेतली दोन एन्झाइमं त्या लिनोलेइकचं मुद्दाम ऑक्सिडीकरण करतात. या एन्झाइमांच्या जनुकांत जन्मजात दोष असलेल्या बाळांना माशासारखी खवलेदार त्वचा होते. म्हणजे ज्या गुणामुळे तेल बाटलीत खवट होतं, त्याच गुणावर आपल्या कातडीचं पाणी अडवणं अवलंबून आहे. अकरावा कार्बन म्हणतो तो हाच.

माणसांत हे सहजी सिद्ध होत नव्हतं. बर यांच्याच प्रयोगशाळेतल्या विल्यम ब्राऊन यांनी सहा महिने जवळजवळ स्निग्धविरहित आहार स्वतः घेऊन पाहिला. ते निकाल १९३८ साली प्रसिद्ध झाले. त्यांना काही झालं नाही. उलट त्यांची जुनी अर्धशिशी थांबली! बरीच वर्षं लोक यावरून म्हणत राहिले की प्रौढांना याची गरजच नाही. मेख अशी की प्रौढाच्या चरबीत लिनोलेइकचा मोठा साठा असतो. तो निम्मा व्हायलाच दोनेक वर्षं लागतात. ब्राऊन साठ्यावर जगले. साठा नसलेल्या तान्ह्या बाळांत मात्र, लिनोलेइक कमी असलेलं दूध दिल्यावर, कोरडी, जाड, सोलणारी त्वचा दिसली. पुढे रुग्णांना शिरेतून स्निग्धविरहित पोषण देण्याची पद्धत आली तेव्हा प्रौढांतही काही आठवड्यांत रक्तात कमतरतेची लक्षणं दिसू लागली. कारण अखंड ग्लुकोज चढत असल्याने इन्सुलिन वाढलेलं राहतं आणि साठ्यातली चरबी बाहेरच पडत नाही. कमतरता ओळखायची खूणही मजेदार आहे. लिनोलेइक मिळालं नाही की शरीर त्याच्या जागी ऑलिकवरूनच एक नकली वीस कार्बनी आम्ल बनवायला लागतं, त्याला मीड आम्ल म्हणतात. रक्तात ते वाढलं की समजायचं, घरात खरा माल संपला आहे.

गरज किती? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी २००८ च्या बैठकीत रोजच्या ऊर्जेच्या २.५ ते ९ टक्के हा पल्ला सांगितला. २००० किलोकॅलरीच्या आहारात २.५ टक्के म्हणजे साडेपाच ग्रॅम. साठ टक्के लिनोलेइक असलेल्या तेलाचे दोन लहान चमचे. धान्य, सुकामेवा, तेलबिया यांतूनही काही येतंच. त्यामुळे सर्वसाधारण आहार घेणाऱ्या माणसात कमतरता जवळपास दिसत नाही, आणि "आवश्यक आहे म्हणून जास्त घ्या" याला काही अर्थ नाही.

आता दाहाचा आरोप. तो असा मांडला जातो: लिनोलेइकपासून अॅराकिडॉनिक आम्ल बनतं, त्यापासून प्रोस्टाग्लँडिनं बनतात, ती दाह निर्माण करतात. म्हणजे लिनोलेइक खा, दाह घ्या. साखळीतली प्रत्येक कडी खरी आहे. प्रोस्टाग्लँडिनांच्या कामाला १९८२ चं नोबेल मिळालं, ते उगीच नाही. पण कड्या खऱ्या म्हणून नळातून तेवढंच पाणी येतं असं नाही. समस्थानिकांची, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंची, खूण लावून मोजलं तर खाल्लेल्या लिनोलेइकपैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास अॅराकिडॉनिक होतं. बाकीचं जळतं किंवा साठतं. २०११ साली अनेक आहार-चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा लिनोलेइक ९० टक्क्यांपर्यंत कमी केलं किंवा सहापट वाढवलं, तरी रक्तातल्या अॅराकिडॉनिकच्या पातळीत त्याचा मागमूस दिसला नाही. शिवाय अॅराकिडॉनिकपासून दाह वाढवणारे रेणू होतात तसे दाह आवरते घेणारेही होतात. दाह हा काही नुसता शत्रू नाही. जखम भरायला तोच लागतो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक दोघांनाही पुढच्या पायरीवर नेणारं एन्झाइम एकच आहे. रांग एक, काउंटर एक. ओमेगा-६ ची गर्दी फार झाली तर ओमेगा-३ चा नंबर लागायला उशीर होतो. यावरचा माझा सल्ला लिनोलेइकला घाबरण्याचा नाही, आहारात ओमेगा-३ आहे की नाही ते पाहण्याचा आहे.

हृदयाचं काय? इथे पुरावा सरळसोट नाही आणि तो सरळसोट आहे असं सांगणाऱ्याकडे जरा संशयाने बघा. सिडनीत १९६६ ते १९७३ दरम्यान नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा त्रास झालेल्या ४५८ पुरुषांवर चाचणी झाली. एका गटाला करडईचं तेल आणि त्याचं मार्गरिन दिलं. जुनी आकडेवारी शोधून २०१३ मध्ये पुन्हा मांडली तेव्हा त्या गटात मृत्यू १७.६ टक्के आणि दुसऱ्यात ११.८ टक्के निघाले. मिनेसोटातली १९६८ ते १९७३ ची चाचणी तर ९००० हून जास्त लोकांवर होती. मक्याच्या तेलाने कोलेस्टेरॉल उतरलं, पण आयुष्य वाढलं नाही, असं २०१६ च्या फेरमांडणीत दिसलं. दुसऱ्या पारड्यात मोठे निरीक्षण-अभ्यास आहेत. तीन लाखांवर माणसांच्या माहितीचा २०१४ चा आढावा सांगतो की सर्वांत जास्त लिनोलेइक खाणाऱ्यांत हृदयविकाराच्या घटना १५ टक्क्यांनी आणि त्यातून होणारे मृत्यू २१ टक्क्यांनी कमी होते. रक्तातली आणि चरबीतली प्रत्यक्ष पातळी मोजलेले अभ्यासही त्याच दिशेला झुकतात.

मी ते असं वाचतो: जुन्या चाचण्यांतलं मार्गरिन ट्रान्स मेदापासून मुक्त होतं याची हमी नाही, आणि त्या तेलांत ओमेगा-३ नगण्य होतं. निरीक्षण-अभ्यासांत तेल खाणारी माणसं इतर बाबतींतही वेगळी असू शकतात. संपृक्त मेदाच्या जागी थोडं लिनोलेइक आलं तर बहुधा फायदा होतो. कॅलरी वरून ओतल्या तर कसलाच नाही. विष म्हणण्याजोगा पुरावा मला दिसलेला नाही.

खराब होण्याचा मुद्दा मात्र माझ्या रोजच्या कामाचा आहे आणि त्यात आरोप करणाऱ्यांचं बरंच खरं आहे.

तेल खवट होतं ते असं: कुठून तरी एक आडदांड रेणू येतो आणि अकराव्या कार्बनवरचा सैल हायड्रोजन पळवतो. तिथे पोकळी झाली की हवेतला ऑक्सिजन येऊन नवव्या किंवा तेराव्या जागी चिकटतो. आता हाच नवा आडदांड. तो शेजारच्या रेणूचा हायड्रोजन घेतो, हायड्रोपेरॉक्साइड होऊन शांत बसतो, आणि शेजारी मोकाट सुटतो. ऑलिकच्या तुलनेत लिनोलेइक साधारण बारापट आणि लिनोलेनिक पंचवीसपट वेगाने या साखळीत सापडतं. हायड्रोपेरॉक्साइडला ना वास ना चव. ते फुटलं की मग हेक्झनाल निघतो. तोच तो कापलेल्या गवतासारखा, पुढे जुनाट रंगासारखा होत जाणारा वास.

म्हणूनच नुसत्या पेरॉक्साइड मूल्यावर, म्हणजे तेलात साचलेल्या अशा पेरॉक्साइडांच्या मापावर, विसंबू नये. ताज्या रिफाइंड तेलाला किलोमागे १० मिलिइक्विव्हॅलंट ही आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, घाण्याच्या किंवा कोल्ड-प्रेस तेलाला १५. पण हा आकडा आधी चढतो आणि मग उतरतो, कारण पेरॉक्साइड फुटून संपतात. उतरणीला लागलेलं जुनं तेल कागदावर ताज्यासारखं दिसतं. अशा वेळी अनिसिडीन मूल्य बघायचं, फुटून झालेला माल त्यात पकडला जातो. आणि खरं सांगायचं तर यंत्राआधी नाक. बाटली उघडून पहिल्या क्षणी येणारा वास महत्त्वाचा, दहाव्या क्षणाला नाक सवयीने आंधळं होतं.

साठवणीत सगळ्यात दुर्लक्षित शत्रू म्हणजे उजेड. तेलात हरितद्रव्याचा अंश असला की उजेडाने ऑक्सिजनचं एक चेकाळलेलं रूप तयार होतं. ते हायड्रोजन पळवण्याच्या भानगडीत न पडता थेट दुहेरी बंधावर हल्ला करतं, साध्या ऑक्सिजनच्या सुमारे दीड हजारपट वेगाने. खिडकीत ठेवलेली पारदर्शक बाटली शोभेची. दुसरा शत्रू तांबं. कणभर तांबंही पेरॉक्साइड फोडून साखळी पेटवतं, म्हणून तांब्या-पितळेच्या भांड्यात तेल साठवू नका. आणि तिसरी सवय जी हमखास सगळ्यांना असते: जुन्या डब्याच्या तळाशी उरलेल्या तेलावर नवं ओतायचं. तळाशी पेरॉक्साइडांचं विरजण तयारच असतं, नवं तेल त्याने लवकर बिघडतं. डबा रिकामा करून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच भरा. फ्रिजमध्ये ठेवलंत तर उत्तमच. लिनोलेइक स्वतः उणे ५ अंशांना गोठतं, त्यामुळे अशी तेलं तिथेही ओतण्याजोगी राहतात.

तापवण्याबाबत लोक धूरबिंदूचं कोष्टक घेऊन येतात. धूरबिंदू मुख्यतः तेलातल्या सुट्या मेदाम्लांवर ठरतो, दुहेरी बंधांवर नाही. नीट रिफाइंड केलेलं, लिनोलेइकने भरलेलं तेलही २२० अंशांच्या पुढे जाऊन धूर सोडतं. पण धुराच्या खूप आधीपासून ते आतून बदलत असतं. एकदा तळून झालं तर चिंता नाही. तळणाचा जो खमंग वास आपल्याला हवाहवासा वाटतो, त्यातला एक मुख्य रेणू, डेकाडायइनाल, लिनोलेइकच्याच ऑक्सिडीकरणातून येतो. पूर्णपणे लिनोलेइकमुक्त तेलात तळलेलं फिकं लागतं, ते यामुळे. धोका आहे तो तेच तेल तासन्‌तास, पुन्हा पुन्हा तापवण्यात. तिथे ४-हायड्रॉक्सीनोनेनाल यासारखी खरोखर त्रासदायक द्रव्यं साचतात आणि तेल घट्ट, काळपट, फेसाळ होतं. अनेक देशांच्या नियमांत ध्रुवीय संयुगं, म्हणजे तापून बिघडलेल्या तेलाचा माल, २४ ते २७ टक्क्यांवर गेली की तळणाचं तेल टाकून द्यायचं असतं.

मग निवडायचं कसं? आधी हे जाणून घ्या की बियांचं नाव पुरेसं नाही. नेहमीच्या सूर्यफुलात लिनोलेइक ४८ ते ७४ टक्के इतकं हलतं, कारण थंड हवेत भरलेल्या बीत ते जास्त आणि कडक उन्हात भरलेल्या बीत कमी होतं. बंध घालणारं ते एन्झाइम उष्णतेला नाजूक आहे. त्यावर १९७६ मध्ये सोव्हिएत संशोधक सोल्दातोव यांनी रासायनिक उत्परिवर्तनातून पेर्वेनेत्स नावाचं वाण काढलं. त्यात दुसरा बंध घालण्याचं काम बियांपुरतं जवळपास बंदच पडलेलं होतं. आजची बहुतेक हाय-ऑलिक सूर्यफुलं त्याच घराण्यातली. त्यांत ऑलिक ७५ टक्क्यांच्या वर असतं. करडईतही असेच दोन प्रकार आहेत, एक लिनोलेइक ७० टक्क्यांच्या पुढचा आणि दुसरा ऑलिकचा. आमच्याकडे एकदा सूर्यफुलाचा नमुना आला, आयोडीन मूल्य, म्हणजे दुहेरी बंधांचं माप, ८४. नेहमीचं सूर्यफूल ११८ ते १४१ मध्ये असतं. नव्या मुलाने अहवालात भेसळ लिहायला घेतलंच होतं. मेदाम्लं वेगवेगळी करून दाखवणाऱ्या क्रोमॅटोग्राफवर लावलं तर लिनोलेइकचं शिखर बुटकं, ऑलिकचं उंच, बाकी सगळं जिथल्या तिथे. तेल शुद्ध होतं, जात वेगळी होती.

तेव्हा वारंवार तळायचं असेल तर हाय-ऑलिक घ्या. वरून घालायला, हलकं परतायला लिनोलेइकचं तेल लहान बाटलीत घ्या आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. त्वचेवर लावायला लिनोलेइक जास्त असलेलं तेल चांगलं. रुग्णांमधली या आम्लाची कमतरता त्वचेवर सूर्यफुलाचं तेल नुसतं चोळून सुधारल्याची नोंद १९७४ चीच आहे. फक्त ते ताजं हवं. खवट तेल त्वचेला चुरचुरतं.

एक गोष्ट कुणी विचारली नाही, पण सांगून ठेवतो. हीच साखळी पुढे गेली की रेणू एकमेकांना चिकटून पापुद्रा बनतो. तैलचित्रांचा रंग वाळतो तो असा. पांढऱ्या रंगात जवसाऐवजी करडईचं किंवा खसखशीचं तेल वापरतात, कारण तीन बंधांचं आम्ल पिवळं पडतं, दोन बंधांचं कमी. हे होताना उष्णता निघते. लाकडाला पॉलिश करून तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या तर ती उष्णता आत कोंडते आणि काही तासांत त्या आपोआप पेटू शकतात. १९९१ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका उंच इमारतीला जवसाच्या तेलाच्या अशाच चिंध्यांनी आग लागली आणि तीन अग्निशामक जवान त्यात गेले. काम झालं की चिंध्या मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.